द्राक्षबागेतले यंत्र किती वेळा पाहते, किती वेळा बोलते?

नाशिकच्या कापड बाजाराचा हंगाम द्राक्षावर चालतो, हे बाहेरगावच्या व्यापाऱ्याला सांगून खरे वाटत नाही. दिंडोरी, निफाड, चांदवडकडचा बागाईतदार दिवाळीनंतर लग्नाचा बस्ता बांधतो, निम्मे पैसे रोख देतो आणि निम्मे "माल निघाला की" म्हणून आमच्या वहीत लिहून जातो. माल निघतो जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान. त्यामुळे ऑक्टोबरातल्या पावसाची आणि डिसेंबरातल्या थंडीची चिंता जशी त्याला, तशी आम्हालाही. आमची उधारी त्याच्या वेलीवरच टांगलेली असते म्हणा ना.

दोन हंगामांपूर्वी दिंडोरी तालुक्यातील आमचे एक जुने गिऱ्हाईक मार्चअखेर दुकानात आले. मुलीच्या लग्नाचा बस्ता आमच्याकडून नेलेला, बाकी मोठी. त्यांनी ठरल्यापैकी अर्धीच रक्कम गल्ल्यावर ठेवली आणि मान खाली घालून म्हणाले, "शेठ, छाटणीनंतरच्या पावसात बागेवर डाऊनी आला. घड गेले." आम्ही विचारले, "पाटील, तुम्ही तर बागेत ते नवे यंत्र बसवले होते ना? मोबाइलवर सगळे दाखवत होतात." त्यावर ते म्हणाले, "यंत्र होते शेठ, पण यंत्र बोललेच नाही."

हे वाक्य आमच्या डोक्यात राहिले. पुढे जे कळले ते असे. यंत्राने त्या तीन रात्री पानांची ओल मोजली होती, व्यवस्थित मोजली होती. पण बागेच्या कोपऱ्यावरील ज्या मुख्य पेटीतून आकडे मोबाइलच्या सिमकार्डावरून पुढे जातात, ती पेटी बंद होती. मोबाइलवर तीन दिवसांपूर्वीचा शेवटचा आकडा दिसत राहिला आणि पाटलांनी तो आजचा समजून फवारणी पुढे ढकलली. चौथ्या दिवशी पेटी सुरू झाली तेव्हा साठलेले सर्व आकडे एकदम आले. दोन रात्री सहा सहा तास पाने ओली होती! खबर खरी होती, पण मेल्यानंतर आलेल्या हकिमासारखी.

आज आपले अनेक बागवान बंधू द्राक्षाची खरेदी करतात, काहींनी स्वतः बागा घेतल्या आहेत, आणि मालेगावचे काही कारखानदारही कारखान्यातील दमटपणा मोजण्यासाठी अशाच पेट्यांची चौकशी करीत आहेत. तेव्हा या यंत्रांचे काम नेमके कसे चालते ते समजून घेणे जरुरीचे वाटले. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले कापडाचे व्यापारी, इंजिनियर नाही. परंतु इंजिनियर भाच्याला चार रविवार समोर बसवून विचारले, तेव्हा असे दिसून आले की या विद्येतले दोन मुख्य प्रश्न आपल्या व्यापाराचेच आहेत. पहिला, नमुना किती आणि कुठून घ्यायचा. दुसरा, खबर केव्हा आणि किती खर्चात पाठवायची.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. मांडवाखाली एका खांबावर डब्याएवढी पेटी असते. तिला काही सेन्सर जोडलेले असतात. एक हवेचे तापमान व आर्द्रता पाहतो. एक पानाच्या आकाराची पट्टी असते, तिच्यावर दव किंवा पावसाचे पाणी बसले की विजेच्या गुणधर्मात फरक पडतो आणि पान ओले झाले हे कळते. जमिनीत पुरलेला सेन्सर मातीतील ओल सांगतो. पाऊस मोजण्यासाठी लहान तराजूसारखी वाटी असते, ठरावीक पाणी साठले की ती कलंडते आणि पेटी एक आकडा मोजते. पेटीत एक छोटा संगणक, एक रेडिओ आणि बॅटरी, वर हातरुमालाएवढा सौर पत्रा. अशा अनेक पेट्या बिनतारी रेडिओने आपले आकडे एका मुख्य पेटीला देतात. मुख्य पेटी ते इंटरनेटवर चढवते आणि तिथून ते शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतात. या सगळ्या जाळ्याला बिनतारी सेन्सर नेटवर्क म्हणतात.

नाशिकला हे नवे नाही. मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक उदय देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकातच सुला कंपनीच्या नाशिक येथील द्राक्षमळ्यात असे जाळे लावून पाहिले. त्या प्रयोगाचे नाव ॲग्रिसेन्स. बागेतले आकडे मोबाइलच्या जी.पी.आर.एस. सेवेवरून मुंबईला जात असत. त्या कंपनीचा धंदा वाईनचा, आपल्या वाचकांना त्याच्याशी कर्तव्य नाही. पण वेल ती वेल, आणि रोग काही मद्य की मनुका असे विचारून येत नाही. आता बंगळूर व इतर ठिकाणच्या खासगी कंपन्या अशी यंत्रे थेट शेतकऱ्यांना विकतात.

आता नमुन्याकडे वळू. (नमुना हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे, हे आम्हाला शाळेत असताना फार आवडायचे.) १९९४-९५ च्या सुमारास आम्ही दुकानात नवे होतो. एका दलालामार्फत कोऱ्या कापडाची गाठ आली. आम्ही मोठ्या रुबाबात वरचा ताका उघडला, काच लावून इंचातले बाण्याचे धागे मोजले, ४४ भरले, सौदा केला. रंगाऱ्याकडे गाठ सुटली तेव्हा मधल्या ताक्यांत ३८ धागेच निघाले. वडिलांनी रागावून एकच गोष्ट विचारली, "तू गाठ पाहिलीस की गाठीचे तोंड पाहिलेस?" काच खोटी नव्हती आणि आमची मोजणीही खोटी नव्हती. नमुना चुकीच्या जागेचा होता आणि एकच होता.

यंत्राचेही असेच आहे. ते बाग सतत पाहत नाही. ठरलेल्या वेळी डोळा उघडते, एक आकडा टिपते, पुन्हा डोळा मिटते. दोन आकड्यांच्या मध्ये काय झाले ते त्याला ठाऊक नसते. मोबाइलवर जी सलग रेघ दिसते ती मुळात ठिपके असतात, मधली जागा सोयीसाठी जोडलेली असते. गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत नाही.

मग ठिपके किती जवळ असावेत? येथे रोगाची चाल माहीत असावी लागते. डाऊनी, ज्याला जुने लोक केवडा म्हणत, रात्री वाढतो. अंधार आणि जवळजवळ पूर्ण आर्द्रता साधारण चार तास मिळाली की पानाच्या खालच्या बाजूस त्याची पांढरी बुरशी उमलते, आणि पानावर काही तास पाणी टिकले की तिचे बीज पानाच्या छिद्रांतून आत शिरते. आता समजा यंत्र दर सहा तासांनी पाहते. रात्री १२ वाजता पान कोरडे. १ वाजता दव सुरू झाले, ५ वाजता वाऱ्याने सुकले. सकाळी ६ वाजता पुन्हा पान कोरडे. यंत्राच्या वहीत ती रात्र कोरडी गेली, आणि प्रत्यक्षात रोग घरात शिरून दार लावून बसला. डोळ्यांना तेलकट डाग दिसेपर्यंत आणखी काही दिवस जातात.

या गोष्टीचा शास्त्रीय नियम आहे. अमेरिकेतील टेलिफोनच्या कामातून हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये तो मांडला. साध्या भाषेत असा की, एखादी गोष्ट जितक्या वेगाने वरखाली होते, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा ती पाहिली तरच तिचे खरे रूप हाती लागते. त्याहून कमी वेळा पाहिले तर नुसती माहिती कमी मिळते असे नाही, उलट चुकीचे चित्र मिळते, आणि ते चित्र दिसायला अगदी खऱ्यासारखे असते. कमी माहिती असलेला माणूस निदान घाबरून विचारपूस करतो. चुकीचे चित्र पाहिलेला निर्धास्त झोपतो.

परंतु याचा अर्थ प्रत्येक गोष्ट मिनिटामिनिटाला मोजावी असा नाही. हातभर खोल मातीतली ओल हळूहळू बदलते, तिला तासाने पाहिले तरी पुष्कळ. पानाची ओल दहा-पंधरा मिनिटांनी पाहावी. पावसाच्या वाटीला वेळापत्रकच नको, ती कलंडली की आपणहून पेटीला जागे करते. चांगले यंत्र हवामान बघून आपली चाल बदलते. फेब्रुवारीच्या कोरड्या उन्हात पानाकडे तासाने पाहते आणि आर्द्रता चढू लागली की पाच मिनिटांवर येते. दुकानदार तेच करतो. उन्हाळ्याच्या दुपारी गल्ल्यावर डुलकी काढतो, पण चाँदरात आली की डोळा लागू देत नाही.

जागेचा नमुना मात्र यंत्र आपणहून बदलू शकत नाही, आणि आमच्या मते येथेच जास्त फसगत होते. खांब रोवणारा माणूस सोयीची जागा पाहतो, म्हणजे रस्त्याजवळ, उंचावर, सौर पत्र्याला ऊन लागेल अशी. पण रोग सुरू होतो तो नाल्याच्या बाजूच्या दाट, हवा न खेळणाऱ्या ओळींत. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट भागात साचते. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात तेव्हा त्यांना हे पक्के ठाऊक असते की खालच्या तुकड्यात आधी पेटवायची. रस्त्यावरचा खांब गाठीचे तोंड दाखवतो. एकच खांब परवडत असेल तर तो बागेतल्या सर्वांत वाईट जागी रोवावा, चांगल्या जागी नव्हे.

मग वाचक म्हणतील की शंभर खांब रोवा आणि दर मिनिटाला मोजा, कटकट नको. येथे दुसरा प्रश्न येतो, खबर पाठविण्याच्या खर्चाचा. आणि हा खर्च पैशाचा नसून बॅटरीचा आहे.

आमचा असा समज होता की मोजण्यात बॅटरी खर्च होत असेल. तसे नाही. बहुतेक साध्या सेन्सरांना मोजायला फार थोडी वीज लागते, खरी वीज खातो तो रेडिओ. पॉटी आणि कायझर या दोन अमेरिकन संशोधकांनी २००० साली मांडलेला हिशेब या विद्येत फार प्रसिद्ध आहे. एक हजार बिट, म्हणजे तारेच्या दोन-चार ओळींएवढा मजकूर, रेडिओने १०० मीटर पाठवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात छोटा संगणक सुमारे ३० लाख सूचना पार पाडू शकतो. विचार करणे स्वस्त आणि बोलणे महाग! आपल्याकडे नेमके उलटे चालते.

त्यातही गंमत अशी की रेडिओला बोलायला जेवढी वीज लागते, जवळजवळ तेवढीच नुसते कान देऊन बसायला लागते. या कामासाठी वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या एका प्रकारच्या रेडिओ चिपला ऐकताना सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. दोन साध्या पेन्सिल सेलांची धारणा २५०० मिलिअँपिअर-तास धरा. रेडिओ सतत चालू ठेवला तर १२५ तासांत, म्हणजे पाच दिवसांत सेल संपले. तोच रेडिओ शंभर मिनिटांत एक मिनिट जागा ठेवला तर ५०० दिवसांहून अधिक काळ पुरेल. प्रत्यक्षात इतर खर्च असतात, इतके दिवस मिळत नाहीत, पण फरक ध्यानात यावा. पाटलांनी एकदा आम्हाला विचारले होते, "शेठ, हे यंत्र रात्री झोपते का?" झोपते, आणि झोपायलाच हवे. झोपले नाही तर आठवड्यात मरेल.

सौर पत्रा आहे ना, असे कोणी म्हणेल. पण रोगाचा धोका सर्वांत जास्त केव्हा? ढगाळ, पावसाळी दिवसांत. आणि पत्र्याला ऊन कमी केव्हा? त्याच दिवसांत. ज्या आठवड्यात नोकराची खरी गरज त्याच आठवड्यात त्याचा रोजा आणि ताप एकदम. म्हणून बॅटरी ढगाळ दिवसांच्या हिशेबाने मोठी लागते.

थोड्या खर्चात खबर पाठविण्याची युक्ती आमच्या वडिलांच्या पिढीला पाठ होती. तारेचा जमाना होता (ही सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली). सुताचा भाव विचारायचा तर तारेत शब्दांवर पैसे पडत, आणि पत्त्याचे शब्दही त्यात मोजले जात. म्हणून मोठ्या पेढ्या तारघरात आपला एकशब्दी पत्ता नोंदवून ठेवत, आणि चार गोष्टींसाठी चार तारा न करता संध्याकाळी एक तार करीत. यंत्राच्या प्रत्येक निरोपालाही असाच पत्ता, क्रमांक आणि खरेपणाची खूण जोडावी लागते. लोरा नावाची लांब पल्ल्याची रेडिओ पद्धत आज शेतीत बरीच वापरली जाते. तिच्या प्रचलित नियमांत हा वरखर्च निरोपामागे निदान १३ बाइट असतो. आता आपण हिशेब करू. दर दहा मिनिटांनी मोजले तर दिवसाला १४४ आकडे. एका वेळचा मजकूर ८ बाइटांचा धरा. प्रत्येक वेळी लगेच पाठवला तर १४४ गुणिले २१, म्हणजे ३,०२४ बाइट. सहा वेळचा मजकूर साठवून तासाला एकदा पाठवला तर २४ गुणिले ६१, म्हणजे १,४६४ बाइट. माल तेवढाच, भाडे निम्म्याहून कमी.

याहून मोठी बचत आहे. पेटीतील संगणकाने स्वतःच बेरीज करावी आणि सकाळी एकच वाक्य पाठवावे की काल रात्री पान ५ तास २० मिनिटे ओले होते. १४४ आकड्यांऐवजी एक आकडा. विचार करणे स्वस्त आहे हे वर सांगितलेच. मात्र आमच्यातला व्यापारी येथे अडतो. जो मुनीम रोजमेळ दाखवत नाही आणि फक्त महिनाअखेरची शिल्लक सांगतो, त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा? सेन्सरवर धूळ बसली, कोळ्याने जाळे विणले, तर बेरीज चुकेल आणि तपासायला मूळ आकडे नसतील. म्हणून बेरीज रेडिओने पाठवावी आणि पूर्ण रोजमेळ पेटीच्या आत जपून ठेवावा, वाद पडला तर काढून पाहता येईल, हेच आम्हाला योग्य वाटते. पाटलांच्या पेटीने निदान एवढे केले होते. नाहीतर काय घडले ते कधी कळलेच नसते.

तासाला एकदा पाठविण्यातही एक खोट आहे. खबर तासभर शिळी होते. डाऊनीसाठी चालते, फवारणीला शेतकऱ्याकडे त्याहून जास्त अवधी असतो. पण पहाटे पारा घसरत असेल तर तासभर थांबणे परवडत नाही. म्हणून चांगल्या यंत्रात हद्द ठरवलेली असते. आकडा हद्दीच्या आत असेल तर साठवत राहा, हद्द ओलांडली की झोप सोडून तत्काळ बोल.

आता दूरवरची खबर मुख्य पेटीपर्यंत कशी जाते ते पाहू. पेटीचा आवाज लहान. दोन पद्धती आहेत. पहिली आपल्या वाचकांना चटकन समजेल. लाऊडस्पीकर नसेल आणि ईदगाहवर मोठी जमात उभी असेल तर इमामसाहेबांची तकबीर मागच्या सफांपर्यंत पोहोचत नाही. मग मधल्या सफांत मुकब्बिर उभे राहतात, ऐकलेली तकबीर मोठ्याने पुढे देतात, ती पुढचा मुकब्बिर उचलतो. जुन्या पद्धतीच्या जाळ्यात प्रत्येक पेटी शेजारच्या पेटीची मुकब्बिर असते. फक्त दिशा उलटी, मागच्या सफांची खबर पुढे इमामाकडे यायची. आता कोणता मुकब्बिर आधी थकेल? मुख्य पेटीच्या अगदी जवळचा, कारण साऱ्या बागेची खबर त्याच्याच गळ्यातून जाते. लांबच्या पेट्यांची बॅटरी शाबूत आणि जवळच्या दोन पेट्या मेल्या की अख्खी बाग मुकी. म्हणून जवळच्या पेट्यांना मोठी बॅटरी द्यावी किंवा वाट बदलत राहावी.

दुसरी पद्धत लोराची. प्रत्येक पेटी सावकाश, एक एक अक्षर लांबवून, थेट मुख्य पेटीशी बोलते. आवाज बारीक असला तरी सावकाश बोललेले दूरवर समजते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरलेल्या मर्यादेत परवान्याशिवाय अशा पेट्या चालवता येतात. मुकब्बिर नको, त्यामुळे घोटाळा कमी. किंमत अशी की सावकाश बोलायचे म्हणजे निरोप छोटाच ठेवावा लागतो आणि रेडिओ जास्त वेळ जागा राहतो.

दोन पेट्या एकाच क्षणी बोलल्या तर दोघींचेही वाया जाते. लासलगावच्या लिलावात दोन अडते एकदम ओरडले तर शेतकऱ्याला एकाचाही भाव कळत नाही, तसे. म्हणून काही जाळ्यांत पाळी ठरलेली असते. पण पाळीसाठी सर्वांची घड्याळे जुळली पाहिजेत. स्वस्त घड्याळाचा स्फटिक दहा लाखांत ४० इतका चुकत असेल तर दिवसाला साडेतीन सेकंद आणि महिन्याला पावणेदोन मिनिटांचा फरक पडतो. दोन मोहल्ल्यांतील मशिदींच्या घड्याळांत जमातीच्या वेळेचा जो फरक असतो त्यावर आपण हसतो, येथे तेवढ्याने निरोप हरवतो. म्हणून मुख्य पेटी अधूनमधून सर्वांना वेळ सांगते.

आणि आता पाटलांच्या दुखण्याकडे येऊ. बॅटरी वाचविण्याची एक फार चांगली रीत अशी आहे की बदल झाला तरच बोलायचे, नाहीतर गप्प राहायचे. ओल तेवढीच असेल तर निरोप नको. यात खूप बचत होते. पण मग गप्प बसण्याचे दोन अर्थ होतात. सर्व ठीक आहे, म्हणून गप्प. किंवा मेलो आहे, म्हणून गप्प. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते.

पूर्वी आपल्या घरांतून मुले सौदी, कुवेतला गेली की महिन्याला एक पत्र यायचे. त्यात खबर अशी काही नसायची, नुसती खैरियत. तरी आई ते पत्र उशाशी ठेवायची, आणि पत्र चुकले की घर बेचैन व्हायचे. यंत्रातही असे खैरियतचे पत्र लागते. काही सांगण्यासारखे नसले तरी ठरलेल्या वेळी "मी आहे, बॅटरी इतकी आहे" एवढे म्हणावे, आणि ते आले नाही तर मोबाइलने ओरडून सांगावे की अमुक पेटीचा पत्ता नाही. पाटलांच्या मोबाइलवर शेवटच्या आकड्याची वेळ बारीक अक्षरांत कोपऱ्यात होती आणि आकडा मात्र मोठ्या हिरव्या अक्षरांत. ही यंत्राची चूक नाही, विकणाऱ्याच्या नियतीची आहे. शिळा माल ताज्या मालाच्या काउंटरवर मांडण्यासारखे झाले.

मोठ्या विद्यापीठांनाही हे जमलेले नाही, म्हणून पाटलांनी वाईट वाटून घेऊ नये. हॉलंडमध्ये बटाट्याच्या करप्यासाठी, जो डाऊनीचाच भाऊबंद आहे, डेल्फ्ट तंत्र विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये एका शेतात सुमारे शंभर पेट्यांचे जाळे लावले. हंगाम संपला तेव्हा अपेक्षित माहितीपैकी फक्त २ टक्के हाती आली. प्रोग्राममधल्या चुका, एकमेकांशी न जुळणारे भाग, घाईत अपुरी राहिलेली चाचणी, अशी बारीकसारीक कारणे निघाली. त्यांनी ही फजिती न लपवता पुढच्या वर्षी छापून जाहीर केली आणि जगभरच्या लोकांनी त्यावरून धडा घेतला. आपल्या बाजारात किती विक्रेते असे करतील?

यंत्र घेऊ इच्छिणाऱ्यांनी आणि बागेचा सौदा करणाऱ्या बागवान बंधूंनी विक्रेत्याला गोड बोलून काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. पानाची ओल किती मिनिटांनी मोजली जाते? सिम बंद पडले तर किती दिवसांचे आकडे पेटीत राहतात? पेटी गप्प झाली तर मला कोण सांगणार, आणि किती तासांत? सेन्सर पुसायला, तपासायला वर्षातून कोण येणार? पहिल्या वर्षानंतर मोबाइलवर आकडे पाहण्याचे पैसे किती? आणि हे आकडे कोणाच्या मालकीचे? हा शेवटचा प्रश्न लहान समजू नये. बागेत काय चालले आहे हे शेतकऱ्याआधी खरेदीदाराला किंवा औषधवाल्याला कळत असेल तर तो सौदा बरोबरीचा राहत नाही. फळ पक्वतेच्या वाटेला लागण्याआधी ते विकण्यास आपल्या शरीयतने मनाई केली ती अंधारातल्या सौद्यात एकाचे नुकसान ठरलेले असते म्हणूनच, असे उलेमा सांगतात. यंत्राने हा अंधार दोघांसाठी सारखा कमी केला तर ठीक. एकालाच दिवा मिळाला तर ती गोष्ट वेगळी.

यंत्राकडून अवास्तव अपेक्षाही नको. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड, दिंडोरी, चांदवड भागात गारा पडल्या, तेव्हा कोणत्याही पेटीने त्या अडवल्या नसत्या.

पाटलांनी यंत्र काढून टाकले नाही. कंपनीशी भांडून त्यांनी मुख्य पेटीला दुसऱ्या कंपनीचे जादा सिम बसवून घेतले, आणि रस्त्याकडचा खांब उपटून नाल्याच्या बाजूला, सातव्या ओळीत रोवला. सौर पत्रा तेवढा लांब वायर टाकून मांडवाच्या वर नेला. धाकट्या मुलाला काम लावून दिले आहे की सकाळी चहाआधी मोबाइलवर आकडा न पाहता आकड्याची वेळ पाहायची, आणि ती दोन तासांहून जुनी असेल तर बागेत जाऊन हाताने पान चाचपायचे. गेल्या ऑक्टोबरात तो असा दोनदा गेला, त्यांपैकी एकदा पान ओले निघाले आणि दुपारच्या आत फवारणी झाली. आमची राहिलेली बाकी त्यांनी एप्रिलमध्ये आणून दिली आणि धाकट्याच्या लग्नाचा बस्ता पाहून ठेवला. या वेळी ताका त्यांनी मधून उघडायला लावला.